एक्केचाळिसावा दोरा

शुक्रवारी सकाळी सात वाजता फोन वाजला तेव्हा प्रणिता नुकतीच ड्यूटीवरून येऊन आडवी झाली होती. कुवेतच्या रिग्गई भागातल्या तिच्या बिल्डिंगमध्ये शुक्रवारी, म्हणजे सुट्टीच्या दिवशी, सातला फक्त पाण्याच्या टँकरवाल्याला जाग असते. तिने चिडूनच फोन उचलला.

"सिस्टर, मी ओवैस. बुस्तानवाला."

"काय झालं ओवैसभाई? हात पुन्हा सुजला?"

"हात बरा आहे. झाड मेलं, सिस्टर. आणि ते मी मारलं म्हणतात. रविवारी मखफरला तक्रार देणार आणि माझा इकामा रद्द करणार."

मखफर म्हणजे पोलीस ठाणं आणि इकामा म्हणजे राहण्याचा परवाना, हे दोन शब्द एका वाक्यात आले की कुवेतमध्ये कुणाचीही झोप उडते. प्रणिता उठून बसली. सरकारी दवाखान्यात एकोणीस वर्षं नर्स होती ती. माणूस थापा मारतोय की घाबरलाय, हे तिला आवाजावरून कळायचं. हा घाबरलेला होता.

बुस्तान म्हणजे फिंतासच्या किनाऱ्यावरची एक जुनी बाग. बागेच्या मालकीण असमाबीबी; त्यांच्या आजोबांचा मोत्यांचा व्यापार होता. वर्षातले सहा महिने ते मुंबईत काढायचे. गावाबाहेर समुद्राकडे तोंड करून त्यांनी हवेशीर घर बांधलं आणि सभोवती बाग आखली. फाटकापासून घरापर्यंत झाऊची दुहेरी रांग, पाण्याचे दगडी पाट, खजुरी, बोरी आणि मधोमध एक वड. तो वड रोप असताना लाकडी खोक्यातून, गलबतावर बसून मुंबईहून आला होता. वाळवंटात वड कुठला जगतोय, असं सगळ्यांनी म्हटलं. वड जगला आणि नव्वद वर्षं उभा राहिला.

गेली सव्वीस वर्षं कुवेतमधल्या मराठी बायका याच वडाला वटपौर्णिमा करत होत्या. बीबींनी पहिल्या वर्षी परवानगी दिली ती कुसुमकाकूंमुळे. बाकीच्या बायका फाटकातच घुटमळत होत्या, आणि काकू सरळ आत जाऊन म्हणाल्या होत्या, "तुमच्याकडे आमचं झाड आहे."

ते झाड मेलं होतं.

*

प्रणिता नऊला पोचली. फेब्रुवारीचं ऊन छान कोवळं होतं, आणि अशा उन्हात वडाचं एकही पान शिल्लक नव्हतं. बघवेना तिला. ती सरळ जवळ गेली आणि खोडावर हात ठेवून उभी राहिली.

बीबी व्हरांड्यातून काठी टेकत आल्या. पंचाहत्तरीच्या, ताठ. मुंबईत वाढलेल्या आईमुळे त्यांना हिंदी येत होतं. ओवैसही हिंदीतच बोले. वाचकांची सोय म्हणून आपण सगळं मराठीत ऐकू.

"काल झाडांचा जाणकार आणला होता," बीबी म्हणाल्या. "त्याने खोडात भोकं दाखवली. अकरा. आत तणनाशक ओतलंय."

"आणि तणनाशक कुणाच्या शेडमध्ये असतं? याच्या!" मागून फहद आला. बीबींचा पुतण्या. हातात मोबाइल, डोळ्यांवर गॉगल. "मी मोजलं. एक डबा कमी आहे. ड्रिल मशीनही याच्याच शेडमध्ये."

ओवैस खाली मान घालून उभा होता. एकतीस वर्षं त्याने या बागेला पाणी घातलं होतं. बापासारखा जपायचा वडाला.

"हा कशाला मारेल?" प्रणिताने विचारलं.

"पगार वाढवला नाही म्हणून," फहद म्हणाला.

"आणि तुम्ही कशाला माराल?"

"काय?"

"ही जागा विकून इथे टॉवर बांधायचाय तुम्हाला. बीबी म्हणतात, वड उभा आहे तोवर विकणार नाही. अख्ख्या फिंतासला माहितेय. म्हणून विचारते हं, रागावू नका."

फहद लालबुंद झाला. बीबींच्या ओठांचा कोपरा किंचित हलला.

"रविवार सकाळपर्यंत वेळ आहे," त्या म्हणाल्या. "मलाही हा माणूस घालवायचा नाहीये. पण मला नाव हवं. नव्वद वर्षांचं झाड होतं ते."

*

प्रणिताने आधी भोकं पाहिली. गुडघ्याच्या उंचीवर, खोडाभोवती सारख्या अंतराने, खाली उतरती. प्रत्येकात बोटभर बूच. पांढरट, टणक. बाहेरून मुंग्यांनी कुरतडलेलं, आणि बुंध्याशी मेलेल्या मुंग्यांचा सडा.

तिने एक बूच पेनाने उकरून काढलं. त्यावर चार खळगे होते, शेजारी शेजारी.

"ओवैसभाई, तुम्हाला भोक बुजवायचं असतं तर कशाने बुजवलं असतं?"

"चिखलाने. नाहीतर डांबराने."

"विजेचं ड्रिल इथे चालेल?"

"कसं चालेल? प्लग घरात. दोनशे पावलं. एवढी वायर नाही माझ्याकडे."

म्हणजे हाताने फिरवायचं गिरमिट. प्रणिता वर बघू लागली. छातीच्या उंचीवर दरवर्षी दोऱ्यांचा जाड पट्टा असतो. जूनमध्ये एक्केचाळीस जणींनी प्रत्येकी सात वेढे घातले होते, त्यात तीही होती. आता तिथे एकच दोरा उरला होता. सात वेढे, फिकट पिवळसर, अगदी व्यवस्थित.

"बाकीचे दोरे कुठे गेले?"

"हिवाळ्यात गळतात, सिस्टर. वाऱ्याने, उन्हाने."

"गळून जातात कुठे?"

"खाली पडतात. मी झाडतो. दरवर्षी टोपलीभर निघतात. फेकत नाही मी, खजुरीच्या आळ्यात पुरतो."

"या वर्षी किती निघाले?"

ओवैसने खाली बुंध्याकडे पाहिलं. मग सावकाश म्हणाला, "या वर्षी... नाही निघाले. एकही नाही."

प्रणिताने राजश्रीला फोन लावला. राजश्री म्हणजे इथल्या मराठी मंडळाची सचिव. बाई शिस्तीची, पण तोंडाला लगाम नाही.

"मेलं ना झाड? मी म्हणतच होते! त्या माळ्यानेच दोरे काढून टाकले असणार. आपल्या सौभाग्याचे दोरे गं! मी ग्रुपवर टाकलंय सगळं."

"पुराव्याशिवाय टाकलंस? एका माणसाचं पोट जाईल, राजश्री. ते आधी डिलीट कर. आणि मला सांग, जूनमध्ये नक्की किती जणी होतो?"

"एक्केचाळीस. बांगड्या मोजून आणल्या होत्या मी."

हे खरं होतं. फोटो छान यावेत म्हणून राजश्रीच्या हुकुमावरून प्रत्येकीने दोऱ्याच्या टोकाला हिरवी काचेची बांगडी अडकवली होती. त्या मोजताना राजश्रीची एक चूक झाली होती. हिरवी एक कमी पडली, आणि प्रणिताच्या वाट्याला लाल आली. तेव्हा ती जाम वैतागली होती.

*

"ओवैसभाई, ही बाग पूर्ण रिकामी कधी असते?"

"कधीच नाही. मी इथेच राहतो." मग त्याला आठवलं. "शुक्रवारी अकरा ते एक. मी जुम्म्याच्या नमाजाला जातो, बीबी मुलीकडे जेवायला. पण तेव्हाही बाग रिकामी नसते. अम्मा असते ना."

"अम्मा?"

"कुसुमअम्मा. तिचे साहेब आजारी पडल्यापासून शुक्रवारी येते. त्या दिवशी मुलगा घरी असतो, म्हणून तिला दोन तास मिळतात. वडाखाली बसते बिचारी. खोडावर पाणी शिंपडते, पुटपुटत असते. मी किल्ली तिच्याकडे देऊन जातो. मी आलो की माझ्या शेडमध्ये हात धुते, आम्ही चहा पितो. फार चांगली बाई. रोपांना थंडीचे गोणपाटही तिनेच शिवून दिले या वर्षी."

"कुठल्या रोपांना?"

त्याने मागच्या विहिरीकडे बोट दाखवलं. तिथे ओळीने आठ रोपं उभी होती, गोणपाटाची कुडती घातलेली. सात सैल होती. आठव्याचं पोट फुगलेलं होतं.

"हे कसलं रोप?"

"याच वडाचं. फांदी लावून मीच वाढवलंय. पाच वर्षांचं झालं."

प्रणिताने शिवण उसवली.

आत खोड दिसतच नव्हतं. मनगटापेक्षा जरा जाड असलेल्या त्या खोडाभोवती दोराच दोरा होता. सात वेढे नव्हेत, शेकडो. मोठ्या वडाचा प्रत्येक दोरा पूर्ण लांबीने आणून इथे गुंडाळला होता. कापलेला एकही नाही. जिथे उन्हाने कडक होऊन तुटला होता, तिथे बारीक गाठ मारून जोडला होता. गाठींवर गाठी. कुणीतरी डोळ्यांत तेल घालून हे केलं होतं.

तिने बांगड्या मोजल्या. चाळीस. पुन्हा मोजल्या. चाळीसच, आणि त्यांत एक लाल.

लाल बांगडीचा दोरा तीन ठिकाणी जोडलेला होता. तिच्या जयदीपच्या नावाचा दोरा. प्रणिताला एकदम भरून आलं. ती तिथेच विहिरीच्या कठड्यावर बसली आणि मग तिने मोबाइल काढून मंडळाचे जूनचे फोटो उघडले. एकेक करून पाहिले. जे दिसू नये असं वाटत होतं ते सतराव्या फोटोत दिसलं.

"काही कळलं, सिस्टर?" ओवैसने विचारलं.

"कळलं," ती म्हणाली. "न कळतं तर बरं होतं."

*

सलव्यातला कुसुमकाकूंचा फ्लॅट प्रणिताला पाठ होता. दर मंगळवारी ती उदयकाकांची नळी बदलायला यायची. पैसे घेत नसे. उदयकाका शुऐबाच्या कारखान्यात तीस वर्षं इंजिनियर होते. दोन वर्षांपूर्वी मेंदूत रक्तस्राव झाला, तेव्हापासून ते कॉटवर होते. बोलणं नाही, ओळख नाही. नाकातून नळीने अन्न. पाठीला जखमा. कूस बदलताना तोंडातून एक आवाज निघायचा, तो ऐकला की सुयोग, त्यांचा मुलगा, खोलीबाहेर निघून जायचा. विमानाने गावी नेणंही डॉक्टरांनी नको म्हटलं होतं.

"अगं, आज शुक्रवारी कशी तू?" कुसुमकाकूंनी दार उघडलं. "सुयोग आत्ताच औषधं आणायला गेला. बस, पोहे टाकते."

"पोहे नकोत, काकू. आज बागेत नाही गेलात?"

"नाही गेले. आता... जाऊन काय करायचंय."

प्रणिताने पर्समधून रुमाल काढला आणि उलगडून टेबलावर ठेवला. त्यात ते बूच होतं, चार खळग्यांचं.

काकूंनी ते पाहिलं. मग कॉटशेजारच्या स्टुलावर त्या हळूच बसल्या आणि नवऱ्याच्या अंगावरची चादर नीट करू लागल्या.

"हा कणकेचा मुटका आहे," प्रणिता म्हणाली. "वाळून दगड झालाय, पण मुठीत दाबलेली चार बोटं तशीच आहेत. माळ्याने चिखल लावला असता. फहदने दुकानातून काहीतरी विकत आणलं असतं. भोक बुजवायला कणीक स्वयंपाक करणाऱ्या बाईलाच सुचते. पण तेवढ्याने मी तुमच्याकडे आले नसते."

काकूंनी चादरीची घडी पुन्हा सरळ केली.

"दोऱ्यांमुळे आले. झाड मारायचंच होतं तर दोरे तसेच ठेवता आले असते. फहदला दोऱ्यांचं काय सोयरसुतक? पण ज्याने झाड मारलं, त्याने आधी चाळीस दोरे सोडवले. पाण्याने भिजवून, उलट्या फेऱ्या घालून, दर शुक्रवारी तीन-चार. दोनशे ऐंशी वेढे! तुटला तो जोडला. आणि सगळे नेऊन त्याच वडाच्या पोरावर बांधले. का? तर झाड मेलं तरी त्या चाळीस जणींच्या नवऱ्यांना काही होऊ नये म्हणून. हे कुणाला वाटेल? ज्या बाईचा त्या दोऱ्यांवर पुरता विश्वास आहे, तिलाच. आणि शुक्रवारी अकरा ते एक बागेची किल्ली एकाच बाईकडे असते."

तिने मोबाइल काढून जूनचा फोटो काकूंपुढे धरला.

"एक दोरा जुन्या झाडावर राहिला. पिवळा. बाकी सगळ्यांचे पांढरे. जूनच्या फोटोत तुमच्या हातात हळदीत बुडवलेला दोरा आहे, काकू. तुमच्या कोकणातल्या पद्धतीचा. चाळीस जणींच्या नवऱ्यांना तुम्ही वाचवलंत आणि मरणाऱ्या झाडावर फक्त काकांना ठेवलंत."

काकूंनी काकांच्या ओठांवरची लाळ पदराने पुसली.

"गिरमिट यांचंच. तणनाशक ओवैसच्या शेडमधलं," काकू म्हणाल्या. आवाज अगदी साधा, भाजीचा भाव सांगावा तसा. "कणकेत मीठ जास्त घातलं. मुंग्या लागू नयेत म्हणून. तरी लागल्याच मेल्या."

"का, काकू?"

"तुला माहीत नाही का? तूच तर नळी बदलतेस." त्यांनी पहिल्यांदा वर पाहिलं. "हे पडले त्या दिवशी डॉक्टर म्हणाले, दोन दिवस काढतील. मी दवाखान्यातून सरळ टॅक्सी करून बागेत गेले. त्या वडाला मिठी मारली आणि म्हटलं, यांना ठेव. कसेही ठेव, पण ठेव. कसेही, म्हटलं गं मी! माझ्या तोंडाने म्हटलं. आणि बघ, ठेवलंय. कसे ठेवलेत बघ."

प्रणिताला रडू आवरेना. रोज मरण पाहणारी बाई, पण हे तिला झेपत नव्हतं.

"काकू, रक्तस्रावातून कधी कधी माणूस असा वाचतो. झाडामुळे नाही हो."

"तुझं शास्त्र तुझ्यापाशी. मागितलं मी, दिलं त्याने. मग परत घे म्हणून गेले. दोन महिने दर शुक्रवारी विनवण्या केल्या, सोड यांना. नाही सोडलं. वाटलं, आपला दोरा काढला की सुटतील. पण तो सोडवेना. टोक धरायचे आणि बोटं गळून जायची. आपल्या हाताने आपल्या नवऱ्याचा दोरा कसा सोडू? म्हटलं, झाडच जाऊ दे. तुम्हा पोरींचे चाळीस तेवढे आधी सोडवून घेतले, आपला तेव्हाही सोडवेना. झाड गेलं की आपोआप..."

काकांच्या छातीवरची चादर वर-खाली होत होती.

"ओवैसवर आळ आलाय," प्रणिता म्हणाली. "रविवारी मखफरला तक्रार जाणार. इकामा रद्द होणार."

काकू ताडकन उठल्या. "कुणावर? ओवैसवर? अगं त्याच्या हातचा चहा प्यायलेय मी! मला कुणी सांगितलं का नाही?"

"ग्रुपवर होतं सगळं."

"मी कुठे बघते तो ग्रुप. चल. सुयोग आला की लगेच निघू. मी मेली, काय करून बसले हे!"

*

दुपारी बुस्तानच्या व्हरांड्यात काकू बीबींसमोर उभ्या राहिल्या. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत. सगळं सांगितलं, काही राखलं नाही. हिंदी अडलं तिथे प्रणिताने जोडून दिलं. मग त्या ओवैसकडे वळल्या आणि त्याच्यापुढे हात जोडले. तो घाबरून मागेच सरला.

"अम्मा, असं नका करू," तो म्हणाला. "मला एक शब्द बोलला असतात तर..." तो पायरीवर बसून लहान मुलासारखा रडला. इतक्या वेळात आपल्या नोकरीचं त्याने एकदाही विचारलं नव्हतं.

"म्हणजे कबूल आहे ना?" फहद फोन काढत म्हणाला. "मग तक्रार हिच्या नावाने."

"फोन खिशात ठेव," बीबी म्हणाल्या. "कसलीही तक्रार जाणार नाही. ओवैस इथेच राहील. आणि झाड गेलं म्हणून मी जागा विकेन, या भ्रमात तू राहू नकोस."

फहद पाय आपटत निघून गेला. बीबी उघड्याबोडक्या वडाकडे बघत राहिल्या. त्यांना राग आलेला होता, आणि तो त्यांनी लपवला नाही.

"माझ्या आजोबांचं झाड होतं ते, कुसुम. मी तुला ते कधी माफ करेन की नाही, मला माहीत नाही."

"नका करू," काकू म्हणाल्या.

"माझा नवरा कॉफी पिता पिता गेला. कप खाली ठेवायलाही वेळ मिळाला नाही. बारा वर्षं मी अल्लाहशी भांडतेय, इतकी घाई कशाला केलीस म्हणून." मग त्यांनी हलकेच विचारलं, "तुझे कसे आहेत आता?"

"आहेत," काकू म्हणाल्या. "तसेच आहेत. झाड गेलं, बीबी. हे नाही गेले."

बीबींनी काठी बाजूला ठेवली आणि काकूंचा हात हातात घेतला.

"शुक्रवारी येत जा. पूर्वीसारखी. नुसती येऊन बस इथे."

काकूंनी मान हलवली. हात सोडवून घेतला, पदर खांद्यावर घेतला आणि पायऱ्या उतरायला लागल्या.

"नको, बीबी," त्या वळून म्हणाल्या. "मी इथे आले की काहीतरी मागते."